लेकीसाठी निवडलेलं तट्टू

नऊ वर्षांची होईपर्यंत माझी मुलगी चारचौघांत बोलली नाही. घरात बोलायची, तेही हळू. वर्गात बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली. मी पूर्णेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला त्याची जास्तच लाज वाटायची. लोकांच्या पोरांना बोलतं करणारा मास्तर आणि याचीच पोरगी मुकी, असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. मला मात्र ते रोज ऐकू यायचं.

आमचं गाव पालमच्या बाजूला. तिथं थोरला भाऊ शेती बघतो. एका दिवाळीत त्याच्या शेजाऱ्याकडं वरातीची घोडी बांधलेली होती. मुलगी तिच्यापाशी जाऊन बसली आणि तासभर बोलत राहिली. प्रश्न विचारत होती, शाळेतल्या तक्रारी सांगत होती. बायकोनं मला हाताला धरून ते दाखवायला नेलं. तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "हिला एक तट्टू घेऊन द्या. दादांकडं ठेवू, शनिवारी-रविवारी जात जाऊ. देखणं नको, मोठं नको. गरीब जनावर बघा, आणि तिलाच निवडू द्या. एक तरी गोष्ट तिच्या मनानं होऊ द्या."

मी "बरं" म्हणालो. बायकोला 'बरं' म्हणायला मला कधीच जड गेलेलं नाही.

माळेगावच्या यात्रेला आम्ही तिघं गेलो, भाऊ, मी आणि मुलगी. बायकोची आई आजारी होती, म्हणून ती मागं राहिली. थंडी मरणाची होती. घोड्यांच्या बाजारात धूळ, लिदीचा वास आणि जो तो जाणकार. आमचे वडील घोडं बाळगून होते, म्हणून आम्ही दोघं भाऊही स्वतःला जाणकारच समजत होतो. खरं म्हणजे वडिलांच्या घोड्याला चंदी-चारा घालण्यापलीकडं आम्ही काही केलेलं नव्हतं.

मुलीला घोडी सापडली ती बाजाराच्या पार कडेला. बुटकी, मातकट रंगाची, पोट सुटलेली. दात बघितले तर पंधरा वर्षांच्या पुढची. मालक म्हातारा होता. त्यानं घोडीचं कौतुक केलं नाही. तो तिच्या पोटाखालून वाकून पलीकडं गेला, मागं उभा राहून शेपटी ओढली, तोंडासमोर घोंगडं झटकलं. घोडीनं कान हलवले, एवढंच. मग त्यानं दोर मुलीच्या हातात दिला. मुलगी चालली की घोडी चालायची, मुलगी थांबली की थांबायची.

"लेकरासाठी म्हातारंच जनावर घ्यावं," तो म्हणाला. "ते सोताच्या पायाला जपतंय, म्हून वरचं लेकरू बी जपलं जातंय. तरणं घोडं आन् नवं लेकरू, दोगं बी शिकाऊ. मंग सांबाळायचं कुनी कुनाला?"

"बाबा, ही माझ्यासाठी थांबायलीय," मुलगी म्हणाली. परक्या माणसासमोर म्हणाली. तेवढ्यासाठी तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

भाऊ घोडीच्या तोंडाजवळ गेला, वाकून बघितलं आणि मला बोलावलं. डाव्या डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा होता. "आंसूढाळ हाय," तो हळूच म्हणाला. ज्या घोड्याच्या डोळ्याखाली भोवरा, त्याच्या मालकाच्या घरात रडारड. वडील असलं जनावर दारात उभं करून घेत नसत.

मी विज्ञान शिकवतो. केस कुठं कसे वळतात याला काही अर्थ नाही, हे मी तिथंच कुणालाही समजावून सांगितलं असतं. आणि तरीही मी मुलीच्या हातातून दोर काढून घेतला. कारण सांगायची मला शरम वाटली, म्हणून खोटं बोललो. "ही म्हातारी आहे, लवकर मरेल," असं म्हणालो. मुलीनं घोडीच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि ती माझ्या मागून निघाली.

मग आम्ही अबलख घेतला. चार वर्षांचा, पांढऱ्यावर काळे डाग, छातीवर देवमण, म्हणजे शुभातला शुभ भोवरा. हलगी वाजली की मागच्या पायांवर उभा राहून नाचायचा आणि हलगी थांबली की पुढचा एक पाय दुमडून सलाम करायचा. भोवती ही गर्दी. भाऊ खूश, मीही खूश. गावात शिरताना लोक माना वळवून बघतील, हे मला दिसत होतं. "आवडला ना?" मी मुलीला विचारलं. तिनं मान हलवली. ती कशालाही मान हलवायची, हे बापाला माहीत असतं. मी ती मान होकार म्हणून खिशात घातली आणि व्यवहार उरकला.

घोड्याला मी आजही दोष देत नाही. महिनाभर तो नीट वागला. आईच्या आजारपणामुळं बायकोला तेवढ्यात गावाकडं येता आलं नव्हतं. मी दोर धरून चालायचो, मुलगी वर बसायची. त्याच्याशी ती बोलत मात्र नव्हती. सवय होईल हळूहळू, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एका रविवारी सकाळी आम्ही बांधाच्या वाटेनं चाललो होतो. पलीकडच्या शेतात कुणाच्या तरी नातवाच्या जावळाचा कार्यक्रम होता. झाडाखाली सतरंज्या पडल्या होत्या, चुली पेटल्या होत्या, पाहुणे जमले होते. नाभिकानं पहिली बट कापली असेल, हलगी सुरू झाली. अबलखानं कान टवकारले आणि तो मागच्या पायांवर उभा राहिला. दोर माझ्या हातातून सटकला.

पाहुण्यांना वाटलं, खास कार्यक्रम ठेवलाय. टाळ्या पडल्या, शिट्ट्या आल्या. हलगीवाला चेकाळून आणखी जोरात वाजवू लागला. मी "बंद करा" म्हणून ओरडत होतो आणि त्या आवाजात ते कुणाला ऐकूच जात नव्हतं. मुलगी ओरडली नाही. आयाळ मुठीत धरून, डोळे मिटून ती बसली होती. घोडा तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा ती मागं घसरली आणि बांधाच्या दगडावर कोपरावर पडली. हलगी थांबली. अबलखानं पाय दुमडून सलाम केला.

परभणीच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली. उजवा हात कोपरात वाकलेला तो वाकलेलाच राहिला. त्या हातानं तिला वेणी घालता येत नाही, घास तोंडापर्यंत नेताना मान पुढं करावी लागते. भावानं आठवड्यात घोडा विकून टाकला. घेणारे वाजतगाजत घेऊन गेले म्हणे.

त्या पहिल्या संध्याकाळी बायको पूर्णेहून रेल्वेनं आली ती थेट वॉर्डात. बाजूच्या खाटांवर पेशंट, त्यांचे नातेवाईक, दारात नर्स. तिनं मुलीचा चेहरा बघितला, मग माझ्याकडं वळून विचारलं, "असला नाचरा घोडा कुणी निवडला?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, देव जाणे. भोवऱ्याचं सांगितलं असतं की नवं काही खोटं रचलं असतं, मला आजही ठरवता येत नाही. तेवढ्यात मुलगी बोलली, "आई, मीच हट्ट केला. बाबा दुसरी घोडी घ्या म्हणत होते." मोठ्यानं, सगळ्या वॉर्डासमोर, न अडखळता. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आज ती तेरा वर्षांची आहे. संध्याकाळी बायको कोमट तेलानं तिचं कोपर चोळते. चोळता चोळता एखाद्या दिवशी कळवळून म्हणते, "बाबांचं ऐकलं असतंस तर, बाई." मुलगी "हो" म्हणते. मी त्याच खोलीत पेपर धरून बसलेला असतो.