ठाण्याच्या गच्चीवर उपग्रह पकडायला

माझी नात तन्वी ठाण्याला शिकते. तिचा फोन आला, "आजी, शनिवारी ये. गच्चीवरून उपग्रह पकडून दाखवायचाय. कामाला पैसे देणाऱ्या साहेबांना पटलं तर काम पुढं चालू, नाहीतर सगळं गुंडाळायचं." मग काय, तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या जवळ्याची चटणी बांधली.

शहाडहून शेअर रिक्षा, कल्याणहून एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, सांगून ठेवते. खिडकी मिळाली तर सोडू नका, दुर्गाडीच्या पुलावरून खाडी छान दिसते. पुढच्या रस्त्याला मात्र कंबर सांभाळा.

पोचल्यावर तन्वीनं मला उपग्रह पकडायच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी पदर सारखा केला, श्वास धरला, पापणीसुद्धा हलवली नाही. आम्हाला तसंच शिकवलंय. लग्नाच्या फोटोत आमचे हे ऐनवेळी माशी हाकलायला गेले, तर तोंडाच्या जागी नुसता धूर. ते होते तोवर मी त्यावरून ऐकवायचे.

तर कॅमेऱ्याचा पडदा काळाच.

"मी कुठाय गं?"

"हल की जरा. जे हलतं तेवढंच याला दिसतं."

हात उचलला, तर पडद्यावर ठिपक्यांच्या बांगड्या!

कॅमेऱ्यामागचा कॉम्प्युटर म्हणे आपल्या मेंदूसारखा. काही घडलं तरच जागा होतो, म्हणून वीज कमी खातो. वर टीव्हीचे, हवामानाचे उपग्रह फिरतात, त्यांच्यात मोडके तुकडेही. कोण धडकेल, कोण मुद्दाम जवळ सरकतंय, ते वेळेत कळायला हवं.

संध्याकाळी गच्चीवर साहेब आले, खाडीचे डासही आले. माझ्यामुळे पोरीचा उपग्रह चुकायला नको म्हणून मी टाकीपाशी दगडासारखी उभी. डास चावतायत, पण हलणार कोण? पडदा काळा. तन्वी ओठ चावत होती. मग एक ठिपका सरकला. कॉम्प्युटरच्या हिरव्या चौकोनानं त्याला धरलं, तोच तो ढगाआड गेला.

"गेला," साहेब म्हणाले.

"थांबा सर, येईल."

ठिपका पलीकडून निघाला, तर चौकोन तिथं आधीच वाट बघत होता.

साहेब हसले. "काम चालू ठेव."

तन्वी माझ्याकडे धावली. "आजी, अशी का उभी? कॅमेरा आभाळाकडे बघतोय, तू त्यात येतच नाहीस."

"आधी सांगायचंस की. डासांचं जेवण झालं माझ्यावर."

मग माणसांचं झालं. जवळ्याची चटणी साहेबांनी दोनदा घेतली.

घरी आल्यावर भिंतीवरचा लग्नाचा फोटो पुसला. मी कशी नीटनेटकी, आणि शेजारी हे, धूर. एवढी वर्षं बोलले बिचाऱ्यांना. तन्वीच्या कॅमेऱ्यात एकटे तेच उतरले असते.