बकरीच्या पानावरचा ढावलो

पुस्तकातली बकरी परत येत नाही, हे मला सिनेमा पाहिल्यावर कळलं. तोवर पुस्तक घरात येऊन पाच वर्षं झाली होती, आणि मी ती बकरी नातीला शंभर वेळा तरी घरी आणून दिली होती.

मी दुसरी शिकलो. तिसरीत मास्तरनं हात उगारला, मी पाटी तिथंच ठेवली अन् निघालो. परत गेलो नाही. सही करतो. एसटीची पाटी वाचतो, नेर, दारव्हा, यवतमाळ. त्याच्यापुढं माझं कधी अडलं नाही, आणि अडलं असेल तर मी कोणाला सांगितलं नाही.

नात तीन वर्षांची असताना आमच्या तांड्यावर राहायला आली. मुलगा आणि सून दोघं पुण्यात कामाला, लेकराकडं पाहणार कोण? दिवाळीला मुलगा आला तेव्हा तिच्यासाठी चित्रांचं पुस्तक घेऊन आला. अक्षरं सारी इंग्रजी.

"बाबा, तुम्ही तिले चित्रं दाखवत जा फक्त," तो म्हणाला.

ते 'फक्त' मला लागलं. बकरीची चाल पाहून तिचं पोट दुखतं का पाय, हे मी सांगतो. कागदावरची बकरी मला समजणार नाही काय?

पहिल्या पानावर पागोटेवाला म्हातारा बकरीच्या गळ्यात घंटी बांधतो. मग बकरी ओढ्यावर जाते, टेकडीवर जाते, दुसऱ्या बकऱ्या तिला लांबून पाहतात. एका पानावर ती पाठमोरी जात असते, बारीक दिसते. आणि शेवटच्या पानावर म्हातारा एकटा, पायवाटेवर, हातात घंटी. मी सांगायचो, घंटी तुटून पडली, ती म्हाताऱ्याला सापडली, आता तो ती वाजवून बकरीला हाक मारतो आहे. नात विचारायची, "मग?" मग काय, बकरी येते. पान संपलं तरी माझी बकरी यायची, दाराशी उभी राहायची, तेव्हा कुठं पोर जेवायला उठायची.

पाठमोऱ्या बकरीच्या पानावर मी गायचो. पोरीला प्रत्येक पानाला काहीतरी आवाज लागायचा. ओढ्याला मी तोंडानं पाणी वाजवायचो, टेकडीला ताटलीवर बोटं. पण जाण्याला काय वाजवावं? जाण्याची मला एकच चाल ठाऊक होती. ती मी लावली, ढावल्याची.

आमच्या तांड्यात नवरी सासरी निघाली की ती एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. बाप, भाऊ, याडी म्हणजे आई, गोठ्यातली गाय, कोणी सुटत नाही. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. पोरी ते जुन्या बायांकडून आधीच शिकून ठेवतात. गडीमाणसं ते म्हणत नाहीत. मान खाली घालून ऐकतात.

बायकोनं चुलीपाशी बसून ऐकलं अन् बाहेर आली. आमच्या बोलीत म्हणाली, इथं मराठीत सांगतो, "ढावलो काहून म्हणता? घरात पोर आहे."

"बकरीले म्हणून राह्यलो."

"बकरीले म्हणा की भिंतीले म्हणा. मांडीवर कोण बसली आहे ते पाहा. हे गाणं म्हटलं का पोर जाते."

"पोर जाते म्हणून गाणं म्हणतात," मी म्हटलं. "तू उलटं सांगून राह्यली."

ती चुलीपाशी परत गेली. दुसऱ्या दिवशी तिला ऐकू जाईल असं मी जरा मोठ्यानं म्हटलं. माझा स्वभाव तसा आहे.

दोन वर्षांनी, शाळा सुरू व्हायच्या आधी, मुलगा पोरीला पुण्याला घेऊन गेला. नेरला ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. घरी येईपर्यंत बायको मला एक शब्द बोलली नाही, 'सांगितलं होतं' असंही नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो अन् मोकळा झालो असतो. पुढच्या साली ती वारली. पुस्तक पोरगी इथंच विसरून गेली होती, ते पेटीत राहिलं.

आता नात आठ वर्षांची. मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला. हसत होता.

"बाबा, तुमच्या बकरीचा सिनेमा निघाला. पोरगी पाहून आली. म्हणते, आबाजींनी खोटी गोष्ट सांगितली."

"खोटी?"

"बकरी परत येतच नाही म्हणे. आता जाऊ द्या, तुम्हाले का इंग्रजी येते?"

मी फोन ठेवला. पुढं त्याचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. त्याच्या बोलण्याचं मला काही नव्हतं. पण पोरीच्या तोंडून खोटं हा शब्द निघाला. ती माझ्या मांडीवर बसून, माझ्या तोंडाकडं पाहून ऐकायची. आता तिच्या लेखी मी कोण, लबाड का अडाणी? दोन्हीतलं एक तरी असणारच, आणि कोणतं बरं ते मला ठरवता येईना.

आमच्या तांड्यावरच्या शाळेत भिंतीला मोठा टीव्ही आहे. मी मास्तरणीला विचारलं. तिनं तो सिनेमा शोधला आणि शनिवारी पोरांना दाखवला. मी दाराशी बसलो. आत खुर्ची दिली होती, घेतली नाही.

चित्रं तीच, फक्त हलणारी. बोलणं जवळपास नाहीच, सारं वाजवण्यावर. घंटी चुकली होती. तो आवाज बैलाच्या गळ्यातल्या घंटीचा, जड. बकरी ती घंटी घेऊन दहा पावलं चालणार नाही. हे मी शेजारच्या पोराला सांगितलं, तो म्हणाला, "आबा, गप बसा नं." मग टेकडी आली. म्हातारा बकरीपाशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं घंटी सोडली. तुटली नव्हती. त्यानं सोडली. बकरी निघाली. मला वाटलं आता तरी कोणी गाईल. कोणी गायलं नाही. एक बासरी लांबून वाजली, तीही थांबली. मग म्हाताऱ्याची नुसती पावलं, आणि हातातली घंटी त्यानं मुठीत धरलेली, वाजू नये म्हणून.

म्हणजे तो हाक मारत नव्हता. दोन वर्षं मी ते चित्र पाहत होतो आणि मला ती मूठ दिसली नव्हती.

रविवारी दुपारी पुस्तक पेटीतून काढलं, मांडीवर घेतलं आणि फोन लावला. मी आपण होऊन कधी लावत नाही. नातीनंच उचलला.

"आबाजी? जेवलात का?"

"जेवलो. ऐक माय. ती बकरी परत येत नाही."

"हो, माहितीये."

"मले वाचता येत नव्हतं," मी म्हटलं. सत्तर वर्षांत हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं. "चित्र पाहून सांगत होतो. मनानं आणली मी ती बकरी."

ती म्हणाली, "पण सिनेमात गाणंच नव्हतं. मी पप्पांना म्हटलं, बकरीचं गाणं कापलं. ते म्हणाले, असं गाणं नाहीच. आहे ना?"

"आहे."

"मग म्हणा ना. मला पुढचं आठवत नाही."

तोंडात आलं होतं. चुलीपाशी आता अडवणारं कोणी नव्हतं, तरी मी म्हणू शकलो नाही. "ते गडीमाणसानं म्हणू नये," मी म्हटलं.

"तुम्ही तर म्हणायचात."

"चुकलं माझं. तुही आजी सांगत होती."

"मग मी म्हणते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा."

आणि तिनं सुरू केलं. शब्द निम्मे चुकलेले, आमची बोली तिच्या जिभेवरून उतरलेली, मधेच त्या बासरीची चाल शिरलेली. पण रडण्यासारखा तो लांबवायचा सूर तिनं बरोबर लांबवला. मी चूक सांगितली नाही. मी मान खाली घातली. मांडीवर शेवटचं पान उघडं होतं.

मागून सूनबाईनं हाक मारली. "आबाजी, क्लासला जायचंय," नात म्हणाली आणि फोन तिनंच ठेवला.