चर्चेचा रकाना

माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यासाठी आभार मानावेत अशी माणसे दोन-चार आहेत, पण पहिले नाव घ्यायचे तर मोठीमायचे. ती माझ्या नात्यातली नव्हे. तिची सारी गल्ली तिला मोठीमाय म्हणायची, म्हणून मीही म्हणत आलो. तिचे खरे नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच तिचे फार काही मी चव्हाट्यावर आणले आहे.

कोणतीही नवी गोष्ट समोर आली की ती हातातले काम न थांबवता हनुवटी वर करायची आणि विचारायची, "हे कायच्यासाठी?" चौकात ग्रामपंचायतीने मोठे घड्याळ बसवले, तेव्हा तिने थेट सरपंचालाच गाठले होते.

"वेळ पाहाले, मोठीमाय," सरपंच म्हणाले.

"मान्सं त सूर्य पाहून वावरात जातेत. मंग घडी कोनासाठी, बैलासाठी का?"

ते घड्याळ पुढे बंद पडले आणि बंदच राहिले. त्याचे श्रेय गावाने मोठीमायला दिले.

कोशाची, म्हणजे जंगली टसर रेशमाची, साडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे सूत निघताना मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल, आणि त्याला कारण आहे. आंबागडकडच्या जंगलातून आलेले कोशे उकळून मऊ करतात. मग बाई ओट्यावर एक पाय दुमडून बसते, लुगडे वर घेते आणि चार-पाच कोशांचे तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर तळहाताने त्यांना पीळ देते. सकाळपासून दुपारपर्यंत तोच तळहात, तीच मांडी. काही वर्षांत तिथली कातडी काळी पडते, जाड होते, हिवाळ्यात फाटते. मोठीमायने हे चाळीसेक वर्षे केले. तिच्या सुताला गाठ नसे.

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. कोष्ट्यांच्या गल्लीत शिरताना बाप्यामाणसाने कोपऱ्यावर उभे राहून खोकायचे. खोकला ऐकला की ओट्याओट्यावर लुगडी खाली सरकत. पोस्टमन खोके, सरपंच खोकत, मते मागायला आलेले उमेदवारही आधी खोकत आणि मग हात जोडत. मोठीमाय नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची. "हा ग्रामसेवक व्हय. सरकारी खोकला हाये, अर्धाच येते."

आमची बौद्ध वस्ती आणि तिची गल्ली यांच्या मधे तलावाची पाळ. मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी मला वीटभट्टीवर न्यायचे ठरवले होते. वडिलांना शिक्षणाची किंमत नव्हती असे नाही; बाबासाहेबांच्या फोटोखालीच मी अभ्यासाला बसत असे. पण घरात खाणारी तोंडे सात होती. कोणी सांगितले कोण जाणे, मोठीमाय भर उन्हात पाळ ओलांडून आली आणि आमच्या अंगणात बसली.

"पोट्ट्याले कुठी नेऊन राहिले?"

"भट्टीवर. हाताले काम पाहिजे न, बाई."

"विटा त गाढवंही वायतेत. याच्यासारखा अर्ज कोनतं गाढव लिहिते, सांगा मले."

आमच्या आणि तिच्या अशा दोन्ही वस्त्यांतले रेशनचे, निराधार योजनेचे अर्ज मीच लिहीत असे. ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली, आमच्याकडचाच चहा पिऊन. दुसऱ्या दिवशी वडील एकटेच भट्टीवर गेले.

पदवीनंतर दोन वर्षे मी घरी बसलो, तेव्हाही तीच पुढे झाली. शहापूरच्या पुढे महामार्गावर कोशाचे कापड परदेशी विकणारी एक कंपनी होती. मोठीमाय आणि तिच्या गल्लीतल्या बाया तिथे सूत देत. ती मला घेऊन मालकांच्या केबिनमध्ये शिरली आणि म्हणाली, "याले ठेवून घ्या. याचं लिहेलं वाचताही येते." मालक हसले. मी लागलो.

तिसऱ्या वर्षी मालकांनी प्रमाणपत्राचे काढले. नीतीने धंदा करणाऱ्या कंपन्यांना मिळणारे ते प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशातले मोठे ग्राहक बोलायलाही तयार नव्हते. पुण्याच्या सल्लागार मॅडम व्हिडिओ कॉलवर समजावून सांगत. कंपनी नफ्याखेरीज आणखी कशासाठी आहे, हा सामाजिक उद्देश एका वाक्यात ठरवायचा, नोंदणीच्या दस्तऐवजात घालायचा, त्याचा पुरावा द्यायचा. आणि ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार त्यांच्याशी आधी बोलायचे. त्यासाठी फॉर्मात एक रकाना होता: 'कोणाकोणाशी चर्चा केली, ते काय म्हणाले.'

मी मोठ्या उत्साहाने हे मोठीमायला सांगितले. तिने हनुवटी वर केली.

"कंपनी कायच्यासाठी हाये, हे कंपनीलेच मालूम नाई का बाप्पा?"

मी खूप हसलो. मॅडमनाही सांगितले. त्याही हसल्या.

वाक्य मीच लिहिले. 'मांडीवर सूत काढण्याची क्लेशदायक पद्धत संपवून ग्रामीण महिलांना सन्मानाचे काम देणे.' ते खोटे नव्हते. त्या बायांचे चालणे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वाक्य लिहून झाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होते, हेही सांगून टाकतो. आपले शिक्षण अखेर कोणाच्या तरी कामी आले, असे मला वाटले होते.

बायांबरोबरच्या बैठकीची तारीख मॅडमनी दिली. ती नेमकी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आली. धानाची रोपे उपटून ठेवली की कोणासाठी थांबत नाहीत. त्या पंधरवड्यात आमच्याकडे लग्नही कोणी काढत नाही. पुण्याच्या मॅडमना हे माहीत नसणार. मला माहीत होते. 'पंधरा दिवस थांबू' एवढेच म्हणायचे होते. पण 'डेडलाइन' हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि तो पाळण्याचा मला अभिमान वाटत होता.

शाळेच्या वर्गात मी तीस खुर्च्या मांडल्या. एकटी मोठीमाय आली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, लुगडे ओले.

"बाकीच्या?"

"धानाच्या बांधीत. मी बी निंगून आली. तुह्या खुर्च्या रिकाम्या दिसतीन म्हून."

मी तिला वाक्य वाचून दाखवले, आता सूत मशीनवर निघेल आणि मशिनी कंपनीत बसतील हेही सांगितले. तिने ते दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "बंद करा. मांडी सुटन त कोनाले नको हाये? पन मशीन घरी आना. घरदार, बकऱ्या, लेकरं सोडून आमी कुठी जाऊ?"

रकान्यात मी लिहिले, 'महिलांनी निर्णयाचे स्वागत केले.' मशीनचे वाक्य मी मॅडमना सांगितले होते. त्या म्हणाल्या, या रकान्यात अटी येत नाहीत. मी मान हलवली. बाकीच्या बायांचे अंगठे मी पुढच्या आठवड्यात शेताच्या धुऱ्यावर उभा राहून घेतले. कोणी काही विचारले नाही. मोठीमायचा माणूस आहे, एवढे त्यांना पुरले.

मग पुरावा लागला. आधीची स्थिती दाखवणारा, म्हणजे मांडीवर सूत काढतानाचा, एक फोटो हवा होता. बैठकीला तीच आली होती, तेव्हा मी तिच्याकडेच गेलो. शब्द जुळवत, खाली पाहत मी विचारले.

"तोंड नाई येनार?"

"नाही."

"कोन पाहीन?"

"ऑफिसातले. फाइलमध्ये राहील."

"तूच काढून राहिला न? मंग काढ." तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

प्रमाणपत्र आले. मालकांनी कंपनीच्या शेडच्या गेटावर माणसाहून उंच असा तो फोटो लावला. खाली माझे वाक्य. चेहरा नव्हता हे खरे. पण गुडघ्याजवळ पाच ठिपक्यांचे गोंदण होते, मागे ओळखीचा ओटा होता. गल्लीला आणखी काय हवे? कंपनीच्या वेबसाइटवरही तोच फोटो पहिल्या पानावर आला.

त्याच महिन्यात घरी काढलेले सूत घेणे बंद झाले. उद्देशच तसा होता. मशिनी गेटाच्या आत बसल्या, गावाहून दीड तासावर, आणि बायांना न्यायला गाडी सुरू झाली. तरुण पोरी गेल्या. त्यांचे खरेच बरे झाले, ते मी नाकारत नाही. मोठीमायही गेली. पहिल्या दिवशी गाडी गेटाशी थांबली तेव्हा मागे कोणीतरी फिसकन हसले. मोठीमाय खाली उतरली, फोटोखालून आत गेली, वर पाहिले नाही.

स्टुलावर पाय खाली सोडून बसणे तिला जमेना. चाळीस वर्षे दुमडलेला गुडघा सरळ राहत नव्हता. मशीन सुरू झाले की तिचा तळहात आपोआप लुगड्यावरून मांडीकडे जाई आणि तंतू तुटे.

"हे मशीन मले पाहूनच बंद पडते," ती शेजारणीला म्हणाली. "लाजरं हाये बिचारं." बाया हसल्या. मीही दारातून हसलो. आठव्या दिवशी ती गाडीत बसली नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर सवयीने खोकलो. ओट्यावरून आवाज आला, "आता कायले खोकलून राहिला बाबू? साऱ्या दुनियेनं त पाह्यलं."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. ती तांदूळ निवडत होती. तिने मला चहा दिला, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारले, माझ्या लग्नाचा विषय काढला. मी फोटोचे बोलायला तोंड उघडले की ती सुपातले खडे अंगणात फेकी. तीनदा असे झाले. मग मी उठलो.

मालकांना मी फोटो उतरवा म्हणून तीनदा सांगितले. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "अरे, चेहरा कुठे आहे त्यात? पाहुणे आधी तिथेच थांबतात. आपण कुठून कुठे आलो ते त्यांना कळते." अखेर एका रविवारी वॉचमनला शिडी धरायला लावून मी तो स्वतः उतरवला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हे सांगायला मी धावत गावी गेलो, तर ओटा झाडलेला, दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मोठीमाय सिहोऱ्याला लेकीकडे गेली, बकऱ्याही विकून. परत कधी येणार? "आता काय येते ते," शेजारीण म्हणाली. तिच्या स्वतःच्या ओट्यावरही कोशे नव्हते.

त्यानंतर मी सिहोऱ्याला दोनदा गेलो. दोन्ही वेळा बसस्टँडवरून परत फिरलो. आता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा फॉर्म माझ्या टेबलावर आला आहे. तोच रकाना, तेच शब्द. तो पाठवण्याआधी मी मोठीमायला पत्र लिहायचे ठरवले. तिला वाचता येत नाही. पत्र तिची नववीतली नात वाचून दाखवणार. म्हणून 'फोटो', 'मांडी' असे काही शब्द मला टाळावे लागले. गेल्या सोमवारी मी हे पत्र टाकले.

*

ती. मोठीमायला,

सविनय नमस्कार.

बेटा, हे पत्र आजीला घरात दुसरे कोणी नसताना वाचून दाखव. हळू वाच.

मोठीमाय, गेटावरचा तो कागद मी उतरवला. कंपनीत ठेवला नाही. घरी आणून आईसमोर चुलीत घातला. वेबसाइटवरूनही काढायला लावला. पण तो ज्यांच्या ज्यांच्याकडे पोचला तिथून परत आणता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होते. मी फाइलमध्ये राहील म्हणालो. तू माझ्यावर भरवसा ठेवलास.

त्या दिवशी शाळेत तू दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी एकच लिहिली. या वेळी रकान्यात मी असे लिहिले आहे: 'बैठक रोवण्याच्या दिवसांत घेतली. एकच बाई आली. तिने मशीन घरी मागितले होते, ते आम्ही लिहिले नाही. बाकीचे अंगठे नंतर घेतले. त्या बाईचे काम गेले. तिचा कागद तिला पुरते न सांगता सगळ्यांना दाखवला.' तुझे नाव कुठेही नाही.

मालकांनी अजून सही केलेली नाही. असे लिहिले तर प्रमाणपत्र जाईल, असे ते म्हणतात. ते गेले तर गाडीने जाणाऱ्या पोरींचे कामही जाऊ शकते. त्यांतल्या चौघी तुझ्याच गल्लीतल्या आहेत. म्हणून या वेळी मी एकट्याने ठरवत नाही. त्या चौघींनाही हे वाचून दाखवले आहे. दोघी हो म्हणाल्या, एक नाही म्हणाली, एक रडली. ते सगळे तसेच लिहिले आहे.

आता तू सांग, हे असेच पाठवू का? हो म्हणालीस तर हो लिहीन. नाही म्हणालीस तर नाही लिहीन. आणि काहीच सांगायचे नसेल, तर तुझ्यापुढची ओळ मी कोरी सोडीन.

तुझा,
बाबू