नाहीकाकांचा होकार

श्रवणयंत्रांच्या दुकानात ती तंत्रज्ञ होती. मागच्या बाजूला फोम लावलेली एक बंद खोली. तिथे पेशंटच्या कानात यंत्र बसवायचं, संगणकावरून आवाज जुळवायचा आणि विचारायचं, नीट ऐकू येतंय ना? लोक ऐकू आलं नाही तरी भिडेखातर मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात यंत्र डबीत घालून परत आणायचे. म्हणून ती तोंडापुढे पुठ्ठा धरायची, म्हणजे ओठ दिसायला नकोत, आणि एखादा उतारा वाचून दाखवायची. दुकानाचे छापील उतारे होते. ती मात्र स्वतःच्या कथा वाचायची.

कारण दुसरं कोण ऐकणार? घरात सही-पत्त्यापलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं. धाकटा भाऊ फाइल न उघडताच ‘ताई, एक नंबर’ असं कळवून मोकळा व्हायचा. वडिलांच्या मरणावरची कथा तिने आईला दाखवली, तर आई पहिल्याच ओळीला पदराने डोळे पुसू लागली. तू लिहिलंस म्हणजे चांगलंच असणार, म्हणाली. लिहिणाऱ्यांच्या मंडळात सगळे सगळ्यांचं कौतुक करत. आपलीही पाळी येणार असते. पेशंट तर काय, छानच म्हणायचे. काउंटरवरची मैत्रीण टोमणा मारायची, ‘बाई गं, त्यांच्या कानांवर आधीच संकट आहे.’

एकटे नाहीकाका वेगळे. निवृत्त बसचालक. यंत्र जुळवताना प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणायचे, म्हणून दुकानात हे नाव पडलेलं. ती त्यांना वडिलांची कथा वाचून दाखवत होती. शेवटाकडे आली तेव्हा त्यांचं बोट कानामागच्या बटणावर गेलं आणि त्यांनी आवाज कमी केला.

यंत्र कर्कश वाजतंय का, तिने विचारलं.

‘यंत्र बरंय. तूच ओरडतेस.’

‘मी तर हळू वाचत होते, काका.’

‘वाचत हळू होतीस, पोरी. लिहिलंयस ओरडून. बाप मेला म्हणालीस, मला कळलं. मग आभाळ कशाला फाडतेस?’

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बस चालवणाऱ्याला यातलं काय कळतं, असंही मनात आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. घरी जाऊन तो शेवट वाचला. आभाळ खरंच फाटलं होतं, वर विजाही होत्या. वडील गेले तेव्हा मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणीतरी फरशी पुसत होतं, आणि ‘पाय वर घ्या’ म्हणाल्यावर तिने घेतले होते.

तेच लिहायचं ठरवलं. पण ते लिहिताना हात जड व्हायचा. खोडता खोडता कित्येक महिने गेले. मधल्या काळात काका एकदाही आले नाहीत. शेवटी कथा झाली. आता ती मासिकाकडे पाठवावी की फाडावी, हे एकच माणूस सांगू शकणार होता. तिने दुकानातून फोन केला. यंत्राची तपासणी राहिली आहे, असं निमित्त सांगून बोलावून घेतलं.

सून हाताला धरून घेऊन आली. काका वाळले होते. मधे ताप आला होता, सून म्हणाली, तेव्हापासून हे फार गोड झालेत, कशाला म्हणून नाही म्हणत नाहीत.

तिने पुठ्ठा धरला आणि नवा शेवट वाचला. पुठ्ठा खाली घेतला, तर काका हसत होते.

‘छान,’ ते म्हणाले.

या एका शब्दासाठी ती इतके महिने थांबली होती. तरी तिला धस्स झालं. मग पुठ्ठा पुन्हा वर धरला आणि पाठ असलेला जुना शेवट म्हणायला लागली, आभाळासकट, विजांसकट. कडेने पाहिलं. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. बोट कानाकडे गेलंच नाही.

‘छान,’ ते परत म्हणाले.

तिने संगणकावरून यंत्राचा आवाज वाढवत शेवटच्या टोकाला नेला. ‘काका, ऐकू येतंय का?’ पुठ्ठ्याआडून विचारलं. त्यांनी मान डोलवली. ‘काका, तुमचं नाव काय?’ त्यांनी पुन्हा मान डोलवली, समजूतदार पाहुण्यासारखी.

बाहेर येऊन तिने सुनेला सांगितलं की या यंत्राचा आता उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा. सून म्हणाली, अहो, घरी तर म्हणतात सगळं ऐकू येतं.

काकांनी निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. कथा टेबलावर पडली होती. तिने ती उचलली, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली आणि मधेच थांबली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, आणि तो छानच वाटत होता.