देव दुसऱ्यांदा बाहेर पडतो

आमचा शिमगा नेमका परीक्षेत येतो. खरं म्हणजे शिमगा यायचा तेव्हाच येतो, परीक्षाच त्याच्या आड येते. पण इतकी वर्षं मी हे उलटंच बोलत आलो आणि जिभेला तेच वळण पडलं. मी कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कंत्राटी कंपनीचा टेक्निशियन, बायको इस्पितळात नर्स, खैतानला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. फाल्गुन लागला की मुलीची वार्षिक परीक्षा, माझ्या प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन आणि बायकोची वॉर्डातली ड्यूटी, असे तिघे दार अडवून उभे. रजा मिळायची ती जुलै-ऑगस्टात. इथे बाहेरच्या नळाला चहा होईल इतकं पाणी तापतं तेव्हा, आणि तिकडे रत्नागिरीकडच्या आमच्या गावात पाऊस थांबायचं नाव घेत नाही तेव्हा. पंधरा दिवस न वाळलेले कपडे घालून आम्ही परत यायचो. पावसाळ्यात आमचा देव देवळातून हलत नाही.

शिमग्याला मात्र ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. अंगणात येते, खांद्यावर नाचते, मग पाटावर बसते. घरची बाई ओटी भरते आणि गुरव त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो. पालखीपुढचा ढोल त्यांचा. आई मी कुवेतला येण्याआधीच गेली होती, त्यामुळे आमच्या अंगणात ओटी चुलती भरायची, आबा गळ्यातला ढोल न उतरवता उभे राहायचे आणि गुरव म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, या घरचा पोर पोटापान्यासाठी परमुलखात गेलाय, त्याला सुखी ठेव. फुडल्या वर्साला पोर, सून, नात तुज्या पालखीफुडं हुबी कर रं म्हाराजा!" जमलेले सगळे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" हे मी दर वर्षी चुलतभावाच्या फोनवरून बघायचो. मुलगी शेजारी भूगोल पाठ करत असायची. मी तिच्यासमोर फोन धरला की ती "हाय आजोबा" म्हणून हात हलवायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. मी म्हणायचो, राहू दे, अभ्यास करतेय.

आता इटलीचं. नव्या युनिटच्या कामासाठी आमच्याकडे एक इटालियन इंजिनिअर आला होता. कॉफीवरून आमची दोस्ती जमली, म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या कॉफीला तो जे काही बोलायचा ते मला पटायचं. त्याच्या डोंगरावरच्या गावात आईच्या घरी खोल्या रिकाम्या होत्या. ऑगस्टात तिथे आसपासची गावं मिळून गाण्याबजावण्याचा उत्सव करतात, रोज संध्याकाळी एका गावात. या म्हणाला. बायकोला युरोप बघायचं होतं आणि मला फुकटात बघायचं होतं, म्हणून त्या वर्षी आम्ही गावी न जाता तिकडे गेलो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची.

गाव बघून मी चक्रावलोच. चढणीचे अरुंद रस्ते, दगडी घरं, कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारी म्हातारी माणसं. निम्म्या घरांची दारं नुकतीच उघडलेली, आत झाडझूड चाललेली. गाड्यांच्या पाट्या जर्मनीच्या, बेल्जियमच्या. मी मित्राला म्हटलं, हे तर तुमचे चाकरमानी! त्याला चाकरमानी म्हणजे काय ते समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की दोन बायका खिडकीत आल्या.

संध्याकाळी चौकात वाद्यं निघाली. गळ्यात अडकवायची बटणांची पेटी, बकऱ्याच्या कातड्याची काखेत दाबून वाजवायची पिशवी, आणि भाकरीच्या परातीएवढ्या खंजिऱ्या. स्टेज नाही, सूत्रसंचालन नाही, दीपप्रज्वलन नाही. खैतानच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पहिला अर्धा तास सत्कारात जातो. इथे एका म्हाताऱ्याने पेटीचा भाता उघडला आणि सुरू. मंडळाच्या प्रत्येक नाचात मागच्या रांगेत लपणारी माझी मुलगी मित्राच्या आईने हाताला धरून रिंगणात ओढली. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने तिला खंजिरी कशी धरायची ते अंगणात शिकवलं. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. अंगठ्याला फोड आला तरी पोरगी खाली ठेवीना. तिला ती आजी म्हणायला लागली. तशी हाक मारायला माझी आई तिला मिळालीच नव्हती, तेव्हा मला बरंच वाटलं.

शेवटच्या दिवशी चर्चमधून त्यांच्या संताची मूर्ती निघाली. खांद्यांवर, वाजतगाजत, घराघरासमोर थांबत. बेल्जियमच्या गाडीतून आलेला एक पिकल्या केसांचा माणूस खांदा देताना हमसून रडत होता. मी मित्राला विचारलं, आज या संताच्या नावाचा दिवस आहे का? उत्तर त्याच्या आईने दिलं आणि मित्राने सांगितलं. त्याचा दिवस हिवाळ्यात असतो, ती म्हणाली. तेव्हाही काढतो आम्ही, पण तेव्हा गावात आम्ही म्हातारी आणि मांजरं. जे बाहेर गेलेत त्यांना रजा ऑगस्टात मिळते, म्हणून त्यांच्यासाठी तो दुसऱ्यांदा बाहेर पडतो.

इतकं साधं. रजा मिळत नाही म्हणून देवाने माणसांना टाकलं नव्हतं, की माणसांनी देवाला.

मी तिथूनच चुलतभावाच्या फोनवर आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी वाजवणाऱ्याकडे नीट बघितलं. "बरा वाजिवतो. पन मनगट आखाडलाय त्याचा." मग मी त्यांना दुसऱ्यांदा निघणाऱ्या देवाची गोष्ट सांगितली आणि गमतीत म्हटलं, आपणपण काढूया की श्रावणात. आबा हसले नाहीत. "शानी हायत ती मानसं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मुलीने आम्हाला आणखी दोन ऑगस्ट तिथे नेलं. गावाच्या वाट्याचे पंधरा दिवस त्यात गेले. गावी काय, पाऊसच. आबांना नंतर भेटू, असं मी म्हणत राहिलो. मग दहावी आली, बारावी आली, एका पावसात आबा गेले आणि आम्ही पोचलो ते थेट दिवसकार्याला.

तेव्हा चुलतभावाने ओटीवर बसून मला सांगितलं. आम्ही पहिल्यांदा इटलीला गेलो होतो त्याच पावसात आबांनी गावबैठकीत विषय काढला होता. पालखी पुढच्या वर्षी श्रावणात एकदा काढा म्हणाले. सगळे हसले. चिखलात कुणाच्या पायाखाली देव घालायचा, असं कुणीतरी बोललं. "तर काका म्हनाले, अख्ख्या गावात नको. माज्या एकट्याच्या आंगनात आना. मी वर ताडपत्री बांधतो, ढोल मीच वाजिवतो. नातीला खांदा लावून दिला की देव माघारी न्या." मानकऱ्यांनी नाही म्हटलं. देवाच्या गोष्टी देवाच्या वेळेलाच व्हायच्या, ते चुकले असंही म्हणवत नाही. आबांनी मला यातलं काही कळू दिलं नाही. माझ्या गमतीवर त्यांनी हसून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यासाठी देव काही दुसऱ्यांदा निघणार नव्हता, पण पहिल्यांदा निघत होता की दर वर्षी! सातवीच्या भूगोलात चार मार्क कमी पडले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? हे मला आता सुचतं. त्याचा उपयोग शून्य.

मुलगी आता इंग्लंडात शिकते. परीक्षेची सबब संपली, शटडाउनची उरली. यंदा रजेचा अर्ज केला होता, पण शटडाउन लांबलं आणि सगळ्यांच्याच रजा थांबल्या. पालखी आमच्या वाडीत आली ती शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. बायको ड्यूटीवर. चुलतभावाने आमच्या बंद घराचं कुलूप काढलं, चुलतीने अंगण सारवून रांगोळी घातली होती. त्याने मला व्हिडिओ कॉल केला, मी मुलीलाही त्यात घेतलं. ती केस विंचरत होती.

आबांचा ढोल आता चुलतभावाच्या मुलाच्या गळ्यात होता. पालखी अंगणात आली, खांद्यावरून खांद्यावर नाचली. मुलीच्या हातातला कंगवा थांबला. लहानपणी "हाय आजोबा" म्हणून मान खाली घालणारी पोरगी यावेळी डोळे मोठे करून बघत होती. माझा जीव सुपाएवढा झाला. वाटलं, उशिरा का होईना, पोचलं.

"बाबा!" ती म्हणाली, "इट्स जस्ट लाइक अवर्स! ते बघा ना, खांद्यावर घेऊन घरासमोर थांबतात, सेम तसंच! या ऑगस्टला जाईन ना, तेव्हा आजीला दाखवते."

तिच्या बोलण्यात चूक शोधून सापडली नसती. जे आपलं म्हणून तिला मिळालं होतं, त्याच्याशीच ती ताडून बघत होती. मी हसल्यासारखं केलं.

पालखी पाटावर बसली, चुलतीने ओटी भरली. भावाने फोन तोंडाजवळ धरला. "गुरव थांबलाय. काय गाऱ्हानं घालायचं सांग." आबांच्या वेळचं वाक्य मी सकाळपासून मनात घोळवत होतो. पोर, सून, नात तुझ्या पालखीपुढे उभी कर. ते ओठांवर येईना. उघड्या दाराआड आबांच्या ढोलाचा रिकामा खुंटा दिसत होता.

"त्याला सांग," मी म्हटलं, "पोर ऑगस्टात इटलीला जातेय. तिथल्या देवापुढे सुखरूप पोचू दे."

भावाने एकदा फोनकडे बघितलं आणि वळून तसंच सांगितलं. गुरव जरासुद्धा अडखळला नाही. "बा देवा म्हाराजा, या घरची नात इटालीच्या देवाच्या भेटीला निघालीय. तिच्या वाटंत काय काटाकुटा आसंल त्यो बाजूला कर, तिला त्या देवाच्या पायापातुर पोचिव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण ओरडलं. तिकडे इंग्लंडात मुलीनेही ऐकून, हसत, एक क्षण मागून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

मग पालखी उचलली, ढोल शेजारच्या घराकडे वळला, आणि भाऊ आमच्या दाराला कुलूप लावायला गेला.