मुगाला पाणी किती

ती गेल्यापासून घरात मला चूक म्हणणारं कोणी उरलं नाही. सून म्हणते, "बाबा, तुमचं बरोबर आहे." डोक्यात जातं माझ्या. बायकोनं हे वाक्य जन्मात एकदाही उच्चारलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. थोडी भाताची जमीन आणि परसात विहीर. मी चौथीत शाळा सोडलेली, पण शेतातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. ती देशावरची. तिच्या गावात भांडी विसळलेलं पाणीसुद्धा वाया जात नसे.

पहिल्याच उन्हाळ्यात आमची विहीर आटली आणि तिला शेजारणीच्या विहिरीवर जावं लागलं. शेजारीण पाणी द्यायची, पण कळशी भरेपर्यंत ऐकवायची. "तुझ्या नवऱ्यानं सगळं मुगाला पाजलं ना? मग जा, मुगाकडेच माग!"

बाई खोटं बोलत नव्हती. भात कापून झालं की विहिरीजवळच्या खाचरात आम्ही मूग पेरायचो. आता भातवाल्याला कोरडी जमीन बघवत नाही. मी रोज पाणी उपसून खाचरात साठवायचो. मुगाला पानं मस्त फुटायची, मग पिवळी पडायची. शेंगा मूठभर.

दुसऱ्या वर्षी पेरणीआधी ती म्हणाली, "अहो, यंदा मी त्या बाईच्या विहिरीवर जायची नाही. मेले तरी नाही. अर्धं खाचर मला द्या."

आई म्हणाली, "दे रे. फसली की गप्प बसेल."

तिनं भाताच्या उरलेल्या ओलीवरच मूग पेरला. खुरपणी केली आणि ओळींच्या मधे वाळका पाला पसरला, ओल उडू नये म्हणून. आई बांधावरून ओरडली, "अगो, शेताला गोधडी घातलीस, आता अंगाई पण गा!" पाणी फक्त दोनदा द्यायचं, असं तिनं जाहीर केलं. एकदा फुलावर आल्यावर, एकदा शेंगा भरताना.

दुपारी तिची रोपं माना टाकायची. मला काही राहवेना. एका पहाटे गुपचूप चार कळश्या ओतून आलो.

सकाळी ती खाचरातून आली ती थेट माझ्यासमोर. "कोण येऊन गेलं हो तिकडे?"

"दव पडलं असेल."

"दवाला पाय फुटले वाटतं. आणि उजव्या पायाला करंगळी नाही."

माझी करंगळी लहानपणीच नांगराखाली गेलेली.

"त्या चार कळश्या तुमच्या आंघोळीच्या," ती म्हणाली. "मुगानं केली आंघोळ. तुम्ही चार दिवस बसा तसेच."

मला वाटलं, आई माझी बाजू घेईल. तिसऱ्या दिवशी आईनं माझं ताट पडवीत नेऊन ठेवलं.

माझ्या अर्ध्या खाचरातला मूग पौषातच मुळाशी कुजला. मग पाणी घालायला काही उरलंच नाही, म्हणून विहीर वाचली. तेवढा माझाही हातभार लागला म्हणायचा. तिच्या बाजूला मात्र शेंगा अशा लागल्या की दोन तोडण्या झाल्या. आई तोडायला गेली आणि काही न बोलता ओटी भरून आली. आईला तसं गप्प मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

वैशाखात बायको रोज विहिरीत डोकावायची. कमरेइतकं पाणी होतं. ते काही कमी होईना.

एक दिवस बघतो तर बाई निघाली शेजारणीकडे. कळशी नाही, पदरात शेरभर मूग.

"अगं, जायची नव्हतीस ना?"

"पाण्याला जायची नव्हते."

बऱ्याच वेळानं आली. मी विचारलं, "काय सुनावलंस?"

"सुनवायचं काय? मूग दिले. कसे पेरायचे ते सांगितलं. तिच्या विहिरीनं तळ गाठलाय हो. उद्यापासून आपल्याकडे येईल पाण्याला." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिला एक शब्द बोलायचा नाही."

माझे चार टोमणे तयार होते. सगळे गिळले.