माणूस आला की

"माणूस आला की मी सुटलो बघा, काका." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्याच दिवशी ऐकलं. पुढं इतक्यांदा ऐकलं, की सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात चहाला उशीर झाला तरी बायको मला म्हणायची, "थांबा की जरा, माणूस आला की करते."

तो तिथल्याच एका सरकारी दवाखान्यात डायलिसिसचा टेक्निशियन होता. होता म्हणजे अजूनही असेल. मीच बायको गेल्यापासून तिकडे फिरकलेलो नाही. ती होती तोवर दर सोमवारी आणि गुरुवारी आमचा अर्धा दिवस त्याच्या खोलीत जायचा. तुमच्या घरचं कुणी त्या मशीनला जोडलेलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, मोठे डॉक्टर येऊन जातात, पण आपला सगळा जीव सुई टोचणाऱ्या हातात असतो. हा बायकोच्या हातावरच्या, ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेवर दोन बोटं टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आतली थरथर लागली की म्हणायचा, "चालू हाय की. झ्याक." मगच सुई. दुसऱ्या कुणी टोचलं की बायकोचा हात काळानिळा व्हायचा.

आपण सोलापूरकर रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना मालक म्हणतो, तसं त्यालाही सगळे मालकच म्हणायचे.

"मालक नका म्हणू वो," तो म्हणायचा. "मालकाला रजा तरी घेता येती."

त्याला बदली हवी होती. अक्कलकोटच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या खेड्यात त्याची आई होती आणि तिला विसर पडत चालला होता. आधी तिची मराठी गेली, नुसती कानडी उरली. मग शेजारीपाजारी आठवणीतून गेले. मोठी बहीण तिला सांभाळायची. अक्कलकोटला बदली झाली तर रोज संध्याकाळी घरी जाता येईल, आणि रोज डोळ्यांपुढं असलेला मुलगा आई विसरणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. चाळिशीतला माणूस हे सांगताना शाळकरी पोरासारखा दिसायचा.

बदलीचा आदेश निघाला. पण आदेशाच्या तळाशी एक ओळ होती : पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त करावे. म्हणजे याच्या जागी दुसरा आल्याशिवाय याला सोडायचं नाही. आणि दुसरा येणार कुठून? त्या खोलीत मंजूर जागाच दोन, त्यातली एक कित्येक दिवस रिकामी. खर्च आवरायचा म्हणून नवी भरती बंद, वरून मंजुरी येईपर्यंत कुणाला घ्यायचं नाही. वर बसून खर्चाला कात्री लावणाऱ्यांना नेमकं काय कापलं गेलं ते दिसत नाही. आम्हाला दिसायचं. भिंतीला लागून पाच मशीन, कुठलं ना कुठलं सारखं बोंबलणारं, मधून धावणारा हा एकटा, आणि खिडकीत न उघडलेला त्याचा डबा.

एकदा माणूस खरंच आला. कंत्राटावरचा एक तरणा पोरगा. आम्हा सगळ्यांना इतका आनंद झाला, की आम्ही घाईघाईनं निरोप समारंभच उरकला. शाल, नारळ, पेढे, फोटो. खाटेवरून उठता येत नव्हतं त्यांनी झोपूनच टाळ्या वाजवल्या. हा रडला, बायकोच्या पाया पडला. पुढच्या गुरुवारी गेलो तर दारात हाच उभा. कंत्राटाचा पगार वेळेवर निघत नाही हे कळताच पोरगा चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत निघून गेला होता.

"नारळ फोडून खाल्ला," तो ओशाळून म्हणाला. "शाल तेवढी परत देतो."

दुसरा माणूस आला तेव्हा आम्ही नवी शाल घेतलीच नाही. त्यानंच घरून तीच आणली, आम्ही त्याच्या अंगावर घातली, आणि तोही माणूस टिकला नाही. तेव्हापासून शाल खोलीतल्या कपाटावर घडी करून ठेवलेली असायची. तिची चेष्टा करायला आम्हाला फार आवडायचं.

चेष्टेखाली भीती होती. तो परत दारात दिसला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या दिवशी रिक्षात बायको म्हणाली, "तुमाला बरं वाटलं न्हवं का, तो दिसला तवा? मलाबी वाटलं. कसली माणसं हाव आपण." तिचं माहेर अक्कलकोटकडचं. चिडली की ती माहेरचं बोलायची.

त्याला नोकरी सोडता येत नव्हती, आईचं औषधपाणी त्याच पगारावर होतं. रजाही तो टाकायचा नाही. मागं एकदा आई तापानं फणफणली म्हणून गेला, तेवढ्यात इथं मशीन बंद राहिली आणि आमच्यातल्या एका रिक्षावाल्याच्या छातीत पाणी भरलं. माणूस वाचला, पण याच्या रजेचा विषय तिथंच संपला. राहिला तो रविवार. पहाटेची एसटी धरून जायचा, रात्रीपर्यंत परत यायचा.

सोमवारी आम्ही एकच विचारायचो, "ओळखलं का?"

"ओळखलं की. दारातच नाव घिऊन हाक मारली."

मग काही महिन्यांनी, "ओळखलं. जरा वेळ लागला. जेवण झाल्यावर ओळखलं."

मग, "एसटीला निघालो तवा ओळखलं. म्हणली, आत्ता आलास आन् लगेच चाललास व्हय?"

हे त्यानं हसत सांगितलं. पुढच्या सोमवारी आम्ही कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. नुसती बोटं टेकवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून ठेवले.

त्याच उन्हाळ्यात बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्याला आईला सोलापूरला आणावं लागलं. त्याच्या भाड्याच्या खोलीवर एकटी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो तिला रोज दवाखान्यातच आणायचा. इरकली लुगडं, कपाळभर विभूती. माझ्या शेजारच्या लोखंडी बाकावर ती दिवसभर बसायची. समोर मास्क लावलेला, एप्रन घातलेला तिचा मुलगा या खाटेवरून त्या खाटेवर फिरत असायचा आणि ती त्याला कौतुकानं न्याहाळायची. बायकोशी तिचं जमलं, कारण बायकोला कानडी येत होती.

एका गुरुवारी तो बायकोची सुई काढून पट्टी दाबून धरत होता. म्हातारी बाकावरून उठली, पदर सावरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेबर, नन्न मगन्न मनीगी कळसरी."

बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काय म्हणून विचारलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, माझ्या पोराला घरी धाडा, म्हणती. असल्याच दवाखान्यात हाय म्हणती. कोण त्याला सोडंना."

त्यानं एका हातानं पट्टी तशीच दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं मास्क खाली ओढला. म्हातारीनं त्याचं तोंड नीट बघितलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला हात जोडून.

"सोडतो की, अव्वा," तो म्हणाला. "माणूस आला की लगीच सोडतो."

तिला ते मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण समाधान झालेलं दिसलं. तिनं मान हलवली. कोपऱ्यातलं मशीन बोंबललं तसा तो मास्क वर ओढून तिकडं पळाला. म्हातारी बाकावर परत आली, आणि आता मात्र मुलाकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसली.